अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची सवय लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ अंगावर छान पितंय, वजन वाढतंय, आणि आता आईला कामावर परतायचं आहे. किंवा तिला औषधोपचारासाठी काही तास बाहेर राहावं लागणार आहे. किंवा रात्रीची एक फेरी बाबांनी सांभाळावी आणि तिला सलग झोप मिळावी, एवढीच गरज आहे. बाटलीचा विचार मनात आला की शंका सुरू होतात. स्तनपान समुपदेशनाच्या कामात आया, बाबा, आज्या हे प्रश्न मला ज्या शब्दांत विचारतात, जवळपास त्याच शब्दांत ते इथे दिले आहेत. बाटली कोणत्या प्रकारची घ्यायची यावर घरात खूप खल होतो, पण ती किती सावकाश आणि बाळाच्या कलाने दिली जाते याला मी त्याहून जास्त महत्त्व देते.

मुळात बाटली लागतेच का?

दर वेळी नाही. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर पूरक आहारासोबत २ वर्षं किंवा त्याहून जास्त काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे दूध थेट स्तनातूनच गेलं पाहिजे असं नाही. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा छोट्या कपानेही पाजता येतं, अगदी नवजात बाळालाही. वाटी-चमचा धुवायला सोपा असतो, आणि बाटलीच्या आट्यांत, निपलच्या खाचांत दुधाचा थर साचून राहतो तसा प्रश्न तिथे येत नाही. आई कधीमधीच बाहेर जाणार असेल तर मी आधी वाटी-चमचाच सुचवते. बाळ ५ महिन्यांच्या पुढे गेलं असेल तर बाटली वगळून थेट कपाची सवय लावता येते.

रोज आठ-नऊ तास आई घरी नसणार असेल आणि सांभाळणाऱ्या माणसाला वाटी-चमचा जमत नसेल, तर बाटली सोयीची पडते. तसं असेल तर मनात अपराधी भाव न ठेवता ती नीट शिकून घ्या.

किती दिवसांचं बाळ झाल्यावर बाटली द्यावी?

बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी असेल तर किमान ३ ते ४ आठवडे थांबा. ६ आठवडे थांबता आलं तर आणखी चांगलं. या काळात बाळ स्तन नीट तोंडात धरायला शिकतं आणि आईचं दूध बाळाच्या मागणीशी जुळतं.

फार उशीरही नको. सुरुवातीला ओठांना काही लागलं की बाळ आपोआप चोखतं. तीन-चार महिन्यांनंतर मात्र चोखायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर जातं, आणि अनोळखी निपल ते सरळ जिभेने बाहेर ढकलतं. कामावर रुजू होण्याची तारीख ठरलेली असेल तर निदान दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. आदल्या दिवशी केलेल्या प्रयत्नात बाळही रडतं आणि आईही.

वजन घटतंय, साखर कमी झाली आहे, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं आहे अशा कारणांनी डॉक्टरांनी आधीच वरून दूध द्यायला सांगितलं असेल, तर हे आठवडे मोजत बसू नका.

बाटलीची सवय लागली की बाळ अंगावर प्यायचं सोडतं म्हणतात. खरं आहे का?

काही बाळांच्या बाबतीत तसं होतं, आणि ते बहुतेक वेळा दुधाच्या वेगामुळे होतं. स्तनातून दूध मिळवायला बाळाला मोठं तोंड उघडावं लागतं, जिभेने लाटेसारखी हालचाल करावी लागते, आणि पान्हा फुटेपर्यंत थोडं थांबावं लागतं. आडव्या झोपवलेल्या बाळाच्या तोंडात बाटली उभी धरली तर पहिल्या सेकंदापासून दूध आपोआप पडायला लागतं. काही दिवसांत त्याला ती घाई आवडायला लागते, आणि मग स्तनाशी आल्यावर ते दोन वेळा चोखून चिडतं.

बाटलीतून येणाऱ्या दुधाचा वेग स्तनाच्या जवळ ठेवला तर बहुतेक बाळं दोन्ही पद्धती सांभाळतात. तो कसा ठेवायचा ते पुढच्या उत्तरात आहे.

पहिली बाटली नेमकी कशी द्यायची?

वेळ आधी निवडा. बाळ नुकतंच जागं झालंय, शांत आहे, थोडी भूक लागली आहे अशी वेळ. रडून लाल झालेल्या बाळाला नवीन काही शिकवता येत नाही. मूठ तोंडाकडे नेणं, मान वळवून काहीतरी शोधणं, ओठ चाटणं ही भुकेची सुरुवातीची लक्षणं आहेत. रडणं फार नंतर येतं. पहिल्यांदा ३० मिलीलीटर दूध पुरे, म्हणजे उरलं तरी वाया गेल्याची हळहळ नको.

बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा. डोकं आणि मान तुमच्या हाताच्या आधारावर असू दे. निपल त्याच्या ओठांवरून हलकेच फिरवा आणि थांबा. इथेच बहुतेक लोक घाई करतात. ओठ जरा विलग झाले की निपल आत सारतात. तसं करू नका. काही क्षणांत बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडेल, जीभ खाली जाईल, तेव्हा निपल आत जाऊ द्या. नुसतं टोक नको, त्याचा रुंद भागही ओठांत आला पाहिजे, अंगावर पिताना येतो तसा.

बाटली जमिनीला समांतर धरा. निपल अर्धं भरलेलं दिसलं तरी चालतं. बाळ बसतं असल्याने पोटात गेलेली थोडी हवा ढेकरेसोबत वर येते. चार-सहा घोट झाले की बाटलीचा मागचा भाग खाली झुकवा, म्हणजे निपल तोंडात राहील पण दूध येणं थांबेल. बाळ श्वास घेईल, थोडं चोखून बघेल. पुन्हा जोर लावून चोखायला लागलं की बाटली परत आडवी करा. निम्मं दूध झालं की कूस बदला, दुसऱ्या हातावर घ्या. स्तनपानात बाळाला दोन्ही बाजूंची सवय असते, ती राहू द्या.

या सगळ्या वेळात बाळाच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघत राहा. भुवया वर गेल्या, डोळे विस्फारले, हाताची बोटं ताठ होऊन फाकली, ओठांच्या कडेने दूध ओघळलं, किंवा श्वास न घेता एकामागून एक गिळण्याचा आवाज यायला लागला, तर वेग जास्त होतोय. बाटली लगेच झुकवा. पोट भरत आलं की मुठी सैल पडतात, चोखणं मंदावतं, बाळ तोंड फिरवतं. तिथे थांबायचं. तळाशी दहा-पंधरा मिलीलीटर उरलंय म्हणून ते संपवायला लावू नका. अंगावर पिणारं बाळ किती प्यायचं हे स्वतः ठरवत आलेलं असतं, आणि त्याचा हा हक्क बाटलीमुळे जाऊ नये याबद्दल मी फार आग्रही आहे.

एका वेळेला पंधरा ते वीस मिनिटं लागली तर पाजण्याची पद्धत बरोबर आहे असं समजा.

बाटली आईने द्यावी की दुसऱ्या कोणी?

पहिले काही दिवस दुसऱ्या कोणी दिलेली बरी. आईच्या अंगाचा, दुधाचा वास ओळखीचा असतो. समोर स्तन असताना रबर का चोखायचं, असा बाळाचा साधा हिशेब. काही बाळं तर आई शेजारच्या खोलीत असली तरी बाटली घेत नाहीत, अशा वेळी तिने थोडा वेळ घराबाहेर जाऊन यावं. पण हा काही नियम नाही. काही बाळं अनोळखी हातात बिथरतात आणि आईच्याच कुशीत बाटली पटकन घेतात.

बाटलीत दूध कोणतं घालायचं?

शक्य असेल तर आईचंच काढलेलं. ते पुरत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाच्या वयाला योग्य असं पावडरचं दूध, म्हणजे फॉर्म्युला. दोन्ही द्यायची असतील तर आधी आईचं दूध संपवा आणि मग फॉर्म्युला वेगळा द्या. एकत्र केलं आणि बाळाने निम्मं टाकलं, तर काढलेलं दूधही फेकावं लागतं.

एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये. ६ महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको. मध तर पहिलं वर्षभर बोटाला लावूनही नको, कारण त्यातल्या जीवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळ जास्त झोपावं म्हणून बाटलीत धान्याचं पीठ कालवून देणं धोक्याचं आहे. बाळ गुदमरू शकतं.

दूध कधी आणि कसं काढू?

बऱ्याच आयांना सकाळी जास्त दूध येतं. सकाळी बाळ पिऊन झाल्यावर तासाभराने काढून बघा. हात साबणाने धुतलेले हवेत.

पंप नसला तरी अडत नाही. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग जिथे संपतो तिथे वर अंगठा आणि खाली तर्जनी ठेवा. आधी बोटं छातीच्या दिशेने मागे दाबा, मग एकमेकांकडे दाबा, सोडा. पुन्हा तसंच. बोटं कातडीवर घसरू देऊ नका आणि स्तनाग्र ओढू नका. सुरुवातीला काहीच येत नाही किंवा एखादा थेंब दिसतो; मिनिटा-दोन मिनिटांत पान्हा फुटला की धार लागते. आधी कोमट फडक्याने शेकलं, बाळाचं दुपटं जवळ घेतलं, तर पान्हा लवकर फुटतो. पंप वापरत असाल तर त्याचा शंकूसारखा भाग तुमच्या मापाचा आहे ना ते बघा. दूध काढताना दुखता कामा नये.

पंपावर जेमतेम ४० मिलीलीटर येतं. म्हणजे माझं दूध कमी आहे का?

नाही. पंपाला बाळाइतकं चांगलं दूध काढता येत नाही, आणि बाळ पिऊन झाल्यावर काढलेलं दूध थोडंच असणार. दूध पुरतंय का हे बाळाच्या वजनावरून आणि लघवीवरून ओळखा. पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा चांगलं ओलं होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

एका वेळी किती दूध द्यायचं?

फक्त आईचं दूध पिणारं १ ते ६ महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीलीटरच्या आसपास पितं. कोणी ५७०, कोणी ९००, दोन्ही ठीक. बाळ दिवसातून आठ वेळा पीत असेल तर एका वेळेला साधारण ९० ते १०० मिलीलीटर येतं. बाटलीत ६० घ्या, लागलं तर आणखी ३० घाला.

घरातल्या मोठ्यांना इथे एक गोष्ट सांगायला हवी. १ महिन्यापासून ६ महिन्यांपर्यंत आईच्या दुधाची रोजची गरज फारशी वाढत नाही. फॉर्म्युला पिणाऱ्या शेजारच्या बाळाला एका वेळी १८० मिलीलीटर लागतं म्हणून आपल्या बाळालाही तेवढं लागेल असं नाही.

बाळ बाटली तोंडातच घेत नाही. काय करू?

सर्वात जास्त फोन या प्रश्नासाठी येतात, आणि फोनवरचा आवाज रडवेला असतो. आधी एक नियम: जबरदस्ती नाही. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात दूध पिळायचं नाही, हात धरून ठेवायचे नाहीत. तसं दोन-तीनदा झालं की नुसती बाटली पाहून बाळ कमान करून मागे वाकायला लागतं, आणि ती भीती घालवायला मूळ सवय लावण्यापेक्षा जास्त दिवस जातात. पाच-दहा मिनिटं प्रयत्न करा, बाळ कुरकुरायला लागलं की थांबा, जवळ घ्या, हवं तर अंगावर पाजा.

पुढच्या वेळी एखादी गोष्ट बदलून बघा. अर्धवट झोपेत, नुकतंच जागं होताना द्या. कडेवर घेऊन चालता चालता द्या. बाळाला तुमच्याकडे तोंड करून घेण्याऐवजी पाठ तुमच्या छातीला लावून बसवा, म्हणजे नेहमीची पाजण्याची ढब राहत नाही आणि ते स्तन शोधत नाही. निपल कोमट पाण्यात धरून ऊबदार करा, त्यावर आईच्या दुधाचे दोन थेंब लावा. दूध थोडं जास्त कोमट करून बघा. दात येणाऱ्या बाळाला उलट गारसर दूध बरं वाटतं. दूध न भरता नुसतं निपल हातात देऊन खेळू द्या, चावू द्या. आईचा वापरलेला ओढणीसारखा कपडा पाजणाऱ्याच्या खांद्यावर टाकून बघा.

एका दिवशी सगळंच बदलू नका, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही. निपलही रोज नवं आणू नका. एकाला चार-पाच दिवस द्या.

इतकं करूनही जमलं नाही तर वाटी-चमचा आहे, कप आहे. बाटली न घेणारं बाळ हट्टी नसतं, आणि आईने त्याला बिघडवलेलंही नसतं.

बाटली आणि निपल कसं निवडू?

सर्वात संथ वेगाचं निपल घ्या. बाळाचं वय वाढलं म्हणून मोठ्या भोकाचं घेण्याची गरज नसते. टोकापासून तळापर्यंत उतार हळूहळू रुंद होत जाणारं निपल बाळाला मोठं तोंड उघडून धरता येतं. बाटली काचेची, स्टीलची किंवा बीपीए (काही प्लास्टिकमध्ये असणारं एक रसायन) नसलेल्या प्लास्टिकची, कोणतीही चालेल, पण तोंड रुंद हवं, म्हणजे ब्रश तळापर्यंत पोचतो. ‘अगदी स्तनासारखं’ असं लिहिलेल्या जाहिरातीवर जास्त पैसे घालवू नका.

बाटलीमुळे माझं दूध आटेल का?

स्तन भरलेला राहिला की दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामा होत गेला की वाढतो. बाळाने एक वेळ बाटली घेतली आणि त्या वेळेचं दूध काढलंच नाही, असं रोज होत राहिलं तर शरीर तेवढं दूध कमी करतं. म्हणून स्तनपान टिकवायचं असेल तर जेव्हा बाटली दिली जाते तेव्हा, किंवा त्याच सुमारास, दूध काढा. आठ-नऊ तास बाहेर असाल तर दर तीन तासांनी. निघायच्या आधी आणि घरी आल्या आल्या अंगावर पाजा. रात्रीची पाजणी शक्यतो सोडू नका, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) रात्री जास्त असतं.

एखादी वेळ कायमची बाटलीवर न्यायची असेल तर एका वेळी एकच पाजणी कमी करा आणि पुढची कमी करण्याआधी काही दिवस जाऊ द्या. एकदम थांबवलं तर छाती दगडासारखी होते, गाठी होतात. तशा वेळी जोरात चोळू नका. आराम वाटेल इतकंच दूध काढा आणि थंड शेक द्या. स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा आणि सोबत ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्या बाजूने पाजणं मात्र थांबवायचं नाही.

काढलेलं दूध किती वेळ टिकतं?

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी: २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, चांगल्या फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. खोली त्याहून गरम असेल तर ४ तासांची वाट न पाहता लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला, कारण दार उघडझाप होताना तिथलं तापमान सारखं बदलतं. प्रत्येक डब्यावर तारीख घाला. गोठवताना एकेका वेळेपुरतं ६० ते ९० मिलीलीटर भरा आणि वर थोडी जागा सोडा, कारण गोठताना दूध फुगतं. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांत संपवा. पुन्हा गोठवू नका. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं दूध २ तासांत वापरा, नाहीतर फेका.

वर साय आल्यासारखा थर आणि खाली पातळ पाणी दिसलं तर दूध नासलेलं नाही. बाटली हलकेच गोल फिरवा, मिसळून जाईल.

ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. खराब झालं का?

बहुतेक वेळा नाही. दुधातलं लायपेज नावाचं विकर चरबी फोडतं, त्याने असा वास येतो. बाळ पीत असेल तर पाजा. तोंड फिरवत असेल तर पुढच्या वेळी ताजं दूध साठवण्याआधी कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करा. उकळी नको. दूध आंबट, नासल्यासारखं वास मारत असेल तर मात्र टाकून द्या.

गरम कसं करायचं?

बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये नाही, गॅसवर थेट नाही. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग इतका तापतो की बाळाचं तोंड भाजतं. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा, गरम जाणवता कामा नये. खोलीच्या तापमानाचं दूधही चालतं.

पावडरचं दूध बनवताना काय सांभाळायचं?

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून किमान ७० अंशांवर असतानाच त्यात पावडर मिसळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधी मोजून पाणी, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट मापाची पावडर. नंतर गार करून पाजा. डबा पुरवायचा म्हणून पातळ करू नका आणि पोट भरावं म्हणून दाटही करू नका. पहिल्याने बाळाचं पोषण कमी होतं, दुसऱ्याने त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. तयार दूध बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

बाटली रोज उकळावी लागते का?

लहान बाळासाठी, हो. विशेषतः पहिले काही महिने. पाजून झाल्यावर लगेच सगळे भाग सुटे करा, ब्रश आणि साबणाने धुवा, निपलच्या भोकातून पाणी दाबून काढा. मग उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं ठेवा. आत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढा भाग कोरडा राहतो, तेव्हा बाटली आडवी करून हवा बाहेर जाऊ द्या. फडक्याने पुसू नका, हवेवर वाळू द्या. निपल चिकट झालं, तडकलं, भोक मोठं झालं की टाका.

दिवसा बाटलीतून जेमतेम पितं आणि रात्री सारखं अंगावर मागतं. असं का?

आई नसताना भागेल इतकंच पिऊन, ती आल्यावर भरपाई करायची, असं बरीच बाळं करतात. चोवीस तासांचा मिळून हिशेब बघा. वजन आणि लघवी ठीक असेल तर बाळ ठीक आहे. आईच्या झोपेचे हाल होतात हे खरं, आणि त्यासाठी संध्याकाळची व पहाटेची इतर कामं घरातल्या दुसऱ्यांनी उचलायला हवीत. हे मी बाबांना मुद्दाम समोर बसवून सांगते.

उशीचा टेकू लावून बाटली देऊन ठेवली तर?

कधीही नाही. दूध घशात अडकू शकतं, आणि त्या वेळी बाळाला उचलायला कोणी नसतं. बाटली तोंडात ठेवून झोपवल्याने कानाचा संसर्ग होऊ शकतो, दात आल्यावर ते किडतात.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

बाळ स्तन आणि बाटली दोन्ही नाकारत असेल, सुस्त पडून असेल, लघवी खूप कमी झाली असेल, टाळू खोल गेली असेल, हिरवी उलटी झाली असेल, तर त्याच दिवशी, वेळ न घालवता. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर लगेच. दर पाजणीला ठसका लागत असेल, दूध नाकातून येत असेल किंवा वजन अडून राहिलं असेल तर जीभ, टाळा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

बाटली सोडवायची कधी?

६ महिन्यांनंतर पूरक आहारासोबत उघड्या कपातून घोटभर पाणी द्यायला लागा, आधी निम्मं अंगावर सांडेल. वर्षाच्या सुमारास दिवसाच्या बाटल्या एकेक करून कपावर आणा. झोपण्याआधीची सगळ्यात शेवटी सुटते. १८ महिन्यांच्या पुढे बाटली चालू ठेवू नका. स्तनपान मात्र तुम्हाला आणि बाळाला हवं तोवर चालू ठेवता येतं.